पाचवी सीट

लालबाग,
२० जुलै २०२५

चि. मयूर यास शिवादादाचे आशीर्वाद.

फोनवर तुझं ‘बघू रे’ ऐकून कंटाळलो, म्हणून लिहितोय. काल दोन्ही शोरूममध्ये जाऊन आलो. पाच सीटवाली देखणी आहे, छप्पर उघडतं. पण गणपतीला गावी जाताना आभाळ बघायचंय का आपल्याला? सात सीटवाली घे. तिच्या मागच्या रांगेत गुडघे हनुवटीला लागले, सेल्समन हसला. हसू दे. मूर्तीचा पाट चौदा इंच, मापून बघितलं. ती मांडीवर घेऊन मी तिथेही बसेन.

सव्वीस वर्षं एसटीतून बाप्पा मांडीवर नेला, मध्येच उतरावं लागू नये म्हणून घाटात पाणी प्यायलो नाही. यंदा गुडघे साथ देत नाहीत, म्हणून तुझ्या गाडीची आस. सुचित्राला, मनवाला आशीर्वाद. लोभ आहे, तो वाढवणं तुझ्याकडे.

शिवादादा

वडाळा,
२ ऑगस्ट २०२५

ती. दादास, शि. सा. न.

रागावू नकोस, पाच सीटवाली बुक केली. आमच्या पार्किंगमध्ये लांब गाडी वळत नाही, आणि मनवाचा जीव त्या छपरात अडकला. आम्ही तिघं, शिवाय सुचित्राच्या आईंना, शैलाताईंना, यंदा कोकण बघायचंय. पाचवी सीट बाप्पाची. तू दिलेल्या मापाने पाट बरोबर बसतो, पट्टाही लागतो. तुझा त्रास वाचला.

तुझं २५ तारखेचं एसटीचं तिकीट काढलंय, खिडकीचं. तू पुढे जाऊन घर झाडून ठेव. परळच्या कारखान्यातून मूर्ती मी उचलतो, पावती तेवढी पाठव. राग धर, पण माया तोडू नकोस.

तुझा मयूर

लालबाग,
५ ऑगस्ट २०२५

चि. मयूर, आशीर्वाद. मोठा आहे, द्यावेच लागतात.

राग आला, खोटं कशाला बोलू. सासूला सीट, देवाला सीट आणि भावाच्या हातात झाडू. माप मी दिलं आणि त्याच मापाने तू मला उठवलंस. शैलाताईंचा यात दोष नाही, त्यांना खुशाल आण.

त्रास वाचला म्हणतोस. अरे, वर्षभर मला कोण विचारतं? त्या एका दिवशी अख्खी एसटी मला जागा करून द्यायची, अनोळखी बायका वाकून पाया पडायच्या. देवाच्याच, ठाऊक आहे मला. पण मांडी माझी होती.

पावती मिळणार नाही. मूर्ती घेऊन मी २५ च्या एसटीने निघतोय, गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो. घरही झाडून ठेवतो. तुझी पाचवी सीट मोकळी झाली. तिथे कुणाला बसवायचं ते तू बघ, मला विचारू नकोस. लोभ असू दे असं लिहायची रीत आहे, यंदा ते राहू दे.

शिवा