आधी पाण्यात हात

जर्मनी, फेब्रुवारी २००७

अप्पा, तेजश्रीचं डोकं तुमच्या पायावर.

माझा शोध खरा ठरला, मी जिंकले! मेंढरं कातरायच्या आधी नदीत धुताना तुम्ही म्हणायचा, ‘ऊन नको बघू, आधी पाण्यात हात घाल, किती गार हाय बघ.’ इथं हिमयुग कसं सरलं ते शोधायला सगळे ऊनच मोजायलेत. मी समुद्राच्या तळचा चिखल तपासला. त्यातल्या बारक्या शिंपल्यांवरून कळलं, तिथं आधी समुद्र तापला, मग किनाऱ्यावरचा डोंगराएवढा बर्फ वितळला. माझ्या इथल्या सरांनी तीनदा तपासलं अन् उठून टाळ्या वाजवल्या.

थंडी फार न्हाई. तरी तुमची घोंगडी अंगावर असतीच. गुडघा कसाय? खरं सांगा.

सरांनी विचारलं, ‘समुद्राकडं बघायला कुणी शिकवलं?’

म्हणलं, ‘माझ्या अप्पांनी. त्यांनी समुद्र अजून बघितला न्हाई.’

तुमचीच,
तेजश्री