वैदेहीने बाळाला उचललं

गाझियाबाद, गुरुवार, संध्याकाळ

आज सुनेने एकटीने बाळाला उचललं. ते दृश्य अजून डोळ्यांसमोरून हलत नाही.

वैदेहीला संधिवात कॉलेजपासूनचा. सकाळी बोटं वळत नाहीत, चहाचा कपही धरवत नाही. मूल हवं म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने तिने स्ट्राँग औषध बंद केलं आणि गरोदरपणभर दुखणं सोसलं. बाळ झाल्यापासून मीच त्याला उचलून तिच्या मांडीवर देते.

आज मी आंघोळीला गेले आणि बाळ रडायला लागलं. माझा मुलगा विनय ऑफिसात. ओल्या केसांनीच बाहेर धावले, तर ही पलंगापाशी गुडघ्यांवर! बोटं वापरलीच नाहीत. दोन्ही हात कोपरापर्यंत बाळाखाली सरकवले, त्याला छातीशी ओढलं आणि पलंगाला टेकत हळूहळू उठली.

"अगं, हे कुठे शिकलीस?"

"आट्याच्या छोट्या थैलीवर, आई. पोटात होता ना, तेव्हापासून प्रॅक्टिस. एकदा तर पूरा आटा फरशीवर!"

हसत होती, पण डोळ्यांत पाणी. दुखत असणारच.

म्हणजे दुपारी दार लावून ही झोपत नव्हती तर! कोपरापर्यंत हात, मग छाती, मग उठणं... कितीदा केलं असेल? मला जमलं असतं? नाही वाटत.

सवयीने मी बाळाला घ्यायला हात पुढे केले.

"थांबा ना, आई. आत्ताच तर घेतलंय मी."

मी हात मागे घेतले. बाळ केव्हाच रडायचं थांबलं होतं.