दोनदा मोजलेली मागणी

सोम., ६ जाने.
मागणीची यादी आजपासून पूर्ण माझ्याकडे. निखिल (साहेब माझा, वयानं बारा वर्षांनी लहान) म्हणाला, ताई, या महिन्यात तुमचे सहा महिने भरतात, ही यादी नीट झाली की कायम करायचं बघू. अकरा वर्षं घरी बसलेल्या बाईला कोण असं म्हणतं! परळहून गिरगावात पोचेपर्यंत हसतच होते.

सासूबाईंनी विचारलं, दिवसभर फोनवर काय विकतेस. म्हटलं, विकत नाही, कोण घेईल ते विचारते. दुकानं, ऑफिसं असलेल्या इमारतींवरची कर्जं एकत्र बांधायची, त्यावर रोखे काढायचे. भाडी येतील त्यातून रोखेवाल्यांना व्याज. घेणारे पुरेसे आहेत का, एवढं मी बघते.
"म्हणजे कार्याला पानं किती ते मोजायचं."
अगदी तेच.

गुरु., ९ जाने.
यादी भरली! लागेल त्याहून थोडं जास्तच. दोन दलालांकडून एकेक मोठा ट्रस्ट घेणारा म्हणून आला. नावं सांगत नाहीत, धंदाच तसा. निखिलनं वर कळवूनही टाकलं. सगळ्यांना बटाटेवडे.

शुक्र., १० जाने.
दुपारी यादीतले घेणाऱ्यांचे शेरे वाचत बसले. दोन्ही ट्रस्टांपुढे एकच शंका: भायखळ्याच्या इमारतीतलं पार्किंगचं भाडं वेगळं धरलंय का? बाकी कुणी पार्किंगचं नावही काढलेलं नाही.

दलालांना फोन. एकानं उडवाउडवी केली, दुसरा शेवटी हो म्हणाला. ट्रस्ट एकच. भाव जिथे बरा मिळेल तिथून घ्यायचं म्हणून दोघांकडे विचारून ठेवलेलं. आणि मी दोनदा धरला. गाढव मी.

गप्प बसता आलं असतं, निदान सोमवारपर्यंत. नाही बसले. निखिलचा चेहरा पडला.
"वर काय सांगू आता?"
"माझं नाव सांगा. चूक माझी आहे."

सोम., १३ जाने.
यादी पाऊणच राहिली. नाही म्हणालेल्यांना परत फोन. घेता का, असं विचारलंच नाही. का नको, ते विचारलं. तिघांचं एकच, सात वर्षं पैसे अडकवायचे नाहीत, तीन वर्षांचं काही असेल तर बोला. हे मी आधी का नाही विचारलं?

निखिलला वही दाखवली. लवकर फिटणारी कर्जं वेगळी काढून छोट्या मुदतीचे रोखे होतील का, वर विचारतो म्हणाला. आज ताई म्हणाला नाही. असो.

मंगळ., १४ जाने. संक्रांत
ज्यांनी ही कर्जं दिलीत, त्या कंपनीची पाच माणसं आलेली. त्यांच्यातल्या मोठ्या बाईंनी विचारलं, खरी मागणी किती. सगळे निखिलकडे बघायला लागले.
"यादी ताईंची आहे. त्याच सांगतील."
बोलले, "आज पुरत नाही. छोट्या मुदतीचे काढणार असाल, तर गुरुवारी नक्की आकडा देते."
बाई म्हणाल्या, "गुरुवारी येतो."

कायम करण्याचं कुणी बोललं नाही, मीही विचारलं नाही. पण पाच मोठी माणसं माझ्या एका आकड्यासाठी दोन दिवस थांबणारेत. उद्या दहाला पहिला फोन त्या तिघांतल्या, प्रभादेवीच्या फंडवाल्या शिरोडकर बाईंना. बहुतेक घेतील.