शिलाई मशीनच्या खणातल्या गोळ्या

बाबा,

मी ऑफिसला निघाले. तुम्ही जागे होतात, हे मला कळलं होतं.

काल आईच्या शिलाई मशीनच्या खणात तिच्या साखरेच्या गोळ्या सापडल्या. पाच महिन्यांची पाकिटं, एकही फोडलेलं नाही. तुम्ही म्हणालात, "तिनं शपथ घातली होती. कारल्यानं भागतंय म्हणायची."

कारल्याचा रस रोज मीच काढून द्यायचे, तोही अर्धीच वाटी. कारल्यानं साखर थोडीफार उतरते, पण गोळीवर रस जास्त झाला तर साखर एकदम खाली जाते, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. मी साखर उतरेल म्हणून धास्तावलेली, आणि ती चढत चढत आईला घेऊन गेली. "गोळी घेतली का?" असं मी रोज विचारायचे. "घेतली गं," हे तिच्याआधी तुम्हीच सांगायचात.

आईनं फसवलं ते मी कसंबसं गिळेन, ती आता नाही. तुमच्याबरोबर मात्र मला याच घरात राहायचं आहे.

उरलेल्या कारल्यांची भाजी केली आहे. तुमची गोळी ताटाशेजारी ठेवली आहे. घेतली का, ते फोन करून विचारणार नाही. संध्याकाळी येऊन पाकीट बघेन.