अमेरिकेचा आजा आणि साहेबाचं खाचर

कुडपण, भाद्रपद वद्य तृतीया

तीर्थस्वरूप मुरारीदादांच्या पायांवर धाकट्या चुलतभावाचं, म्हणजे रावजीचं डोकं. इकडे सगळे धडधाकट, म्हैस तेवढी लाथा मारते. गिरणीतल्या धुरळ्याने तुमचा खोकला वाढला असं ऐकतो, तर हळद घेत जा (मुंबईची नको, तिच्यात काय मिसळतात देव जाणे).

पत्रास कारण, आपल्या जमिनीवर अमेरिकेचा डोळा पडला आहे. हसू नका. परवा एक गोरा साहेब डोंगर चढून आला आणि स्वतःच्या आज्याचा फोटो दाखवत गावभर फिरला. आजा अमेरिकेत शेतकरी, मका पिकवायचा, डुकरं पाळायचा, दाढी छातीपर्यंत. त्याचा धाकटा भाऊ कापसाचं बी घेऊन इकडे आला, इथेच शेती केली आणि इथेच मेला (कापूस, आणि आपल्या पावसात! मेला नसता तर नवल). त्याला पोरंबाळं होती का, हे साहेबाला हवं होतं. म्हणे घराण्याचा इतिहास लिहायचाय! दादा, वंशावळ माणूस कधी विचारतो? वाटणीचा दावा लावायचा असेल तेव्हा. मेलेल्या आज्याच्या मायेपोटी कोणी समुद्र ओलांडतो होय? आपला सहदेव बापाच्या श्राद्धाला पोलादपुराहून वर येत नाही. त्यात दुभाषा कोण, तर महाडच्या एका वकिलाचा कारकून. मग समजायचं काय राहिलं?

आपल्या खाचराला सगळा गाव पणजोबांपासून साहेबाचं खाचर म्हणतो. तेवढ्या नावावर ते गेलं तर आपण खायचं काय? मी घरोघर बजावून आलो की साहेब जाईस्तोवर त्याला पिंपळाखालचं म्हणा. सगळ्यांनी माना डोलावल्या. आणि साहेब माझ्याच अंगणात बसलेला असताना बनुकाकी ओरडत आली, "रावजी, साहेबाच्या खाचरात ढोरं शिरलीत, नि तू हितं काय करतोस रे?" कारकुनाने ते जसंच्या तसं साहेबाला सांगितलं. साहेबाचे डोळे भरून आले (येणारच, फुकटचं भातशेत कोणाला नको?).

मग तो रक्ताचं कोणी आहे का विचारू लागला. पणजी चंद्रभागा त्या मेलेल्या गोऱ्याकडे भाकऱ्या भाजायला होती, एवढंच आपल्याला ठाऊक, आणि एवढंच ठाऊक असलेलं बरं, असं आजोबा म्हणायचे. मी सरळ भैरीच्या देवळात नारळावर हात ठेवून सांगितलं, तो निपुत्रिक मेला आणि आमच्या घराशी त्याचा काडीचा संबंध नाही. खाचर वाचलं. साहेब बांधावरची चिमूटभर माती रुमालात बांधून खाली मानेने गेला. मला त्या मातीचाही संशय आला, पण नेऊ दिली.

वहिनींना नमस्कार, लेकरांना आशीर्वाद.

तुमचा,
रावजी

ता. क. कारकून जाता जाता म्हणाला, त्या आज्याने अमेरिकेतलं निम्मं शेत भावाच्या वंशासाठी राखून ठेवलंय आणि साहेब ते वारसाच्या पदरात टाकायला आला होता. असं कोणी देतं का हो? तेव्हापासून मला अन्न गोड लागत नाही. साहेब बोट लागेपर्यंत तुमच्या मुंबईतच, बंदराजवळच्या हॉटेलात आहे. शपथ मी घेतली, तुम्ही नाही, तेव्हा भैरीचं तुमच्याशी काही भांडण नाही. घराण्यात घारे डोळे तुमचे एकट्याचेच. काही बोलू नका, नुसते साहेबासमोर उजेडात जाऊन उभे राहा. सोबत वंशावळ पाठवतो, तिच्यात मी आहे.

ता. क. दुसरा. तुमचा धाकटा भाऊ हैबती वंशावळीत घेतलेला नाही. वाटेकरी वाढवून करायचं काय? त्याला यातलं अक्षर कळू देऊ नका.

ता. क. तिसरा. तुम्हाला वाचता येत नाही आणि पत्रं हैबतीच वाचून दाखवतो, हे आता घडी घालताना ध्यानात आलं. घरात दुसरा कागद नाही. हैबती, बाळा, वरच्या दोन ओळी गाळून वाच.