शिवीच्या पुढच्या ओळी

४ नोव्हेंबर, सोमवार

बाबल्याला फोरमवरून काढला. एक महिना. सुटले बाई एकदाची!

पाच वर्षं चालवतेय हा फोरम. 'गरी आणि गप्पा' — गरवायला, म्हणजे गरीने मासे पकडायला जाणाऱ्या हौशी लोकांचा. दुसरा ॲडमिन फहाद दोहाहून हातभार लावतो, बाकी सगळं मीच, मेडिकलच्या काउंटरवर, गिऱ्हाईक नसलं की. नियम चार. चौथा माझा — सभ्य भाषा. तीन ताकिदी, मग महिनाभर बाहेर.

आज विनीत सरांनी हंडीच्या खडकावर लेख टाकला. जयगडच्या पुढचा तो खडक. फोटो काय, आमिष कोणतं, तांबोशी मासा कुठे लागतो, सगळं अगदी निगुतीने. आणि त्याखाली हा बाबल्या! बंदरात क्रेन चालवतो, जन्म खडकांवर गेलेला, पण तोंड — देवा! पहिलाच शब्द शिवी. इथेसुद्धा लिहवत नाही. पुढे पाच-सहा ओळी होत्या. पुसून टाकलं सगळं. तिसरी ताकीद. नियम म्हणजे नियम.

५ नोव्हेंबर, मंगळवार

दुपारी फहादचा फोन. "ताई, मग सरांचं पण काढा ना."

सरांनी बाबल्याला उत्तर दिलं होतं — 'काही सदस्यांची आकलनशक्ती लक्षात घेता त्यांच्यावर रागावणे योग्य नव्हे.' म्हटलं, यात शिवी कुठे आहे? तर म्हणाला, "शिवी नाही, पण माणसाला चपलेने मारलंय ना. तेही पायातली न काढता."

मी चिडले. म्हटलं, तू तिकडे एसीत बसून मला न्याय शिकवू नको. फोन ठेवला. मग वाईट वाटलं. तो बिचारा बारा तास उन्हात उभा असतो.

६ नोव्हेंबर

सरांचा मेसेज. 'आपल्यामुळे फोरमचा दर्जा टिकून आहे.' बरं वाटलं. खोटं कशाला लिहू!

१० नोव्हेंबर, रविवार

फहादचं बोलणं काही डोक्यातून जाईना. पाच वर्षांच्या सगळ्या ताकिदी काढून बसले. सतरा माणसं. त्यातली चौदा मिरकरवाड्याची, जयगडची, कुठल्या कुठल्या वाडीतली. बोलतात तसंच लिहिणारी.

एक डॉक्टर आहेत. शमिका नावाच्या नव्या पोरीने आपल्या पहिल्या माशाचा फोटो टाकला तेव्हा त्यांनी लिहिलं होतं — 'आता हा नीट शिजवून दाखवा म्हणजे झालं.' त्यावर मी काय केलं होतं? हसरा चेहरा टाकला होता. मी! बाबांच्या मागे फ्रॉक खोचून खडक चढणारी मी! पोरगी त्यानंतर परत आली नाही फोरमवर. तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

म्हणजे मी भाषा बघत नव्हते. कोण बोलतंय ते बघत होते.

बाबल्याला परत घ्यावं का? पण आठवड्यात परत घेतला तर लोक म्हणतील, हिचे नियम हिच्या लहरीवर. महिना पुरा होऊ दे. चार डिसेंबरला घेईन आणि नीट बोलेन त्याच्याशी.

१६ नोव्हेंबर, शनिवार

नबीलची पोस्ट. कुवेतहून सुट्टीवर आलाय, नवीनच लग्न झालंय. 'उद्या सकाळी फिजाला घेऊन हंडीचा खडक. विनीत सरांच्या लेखाप्रमाणे.' खाली कौतुकच कौतुक. मीही अंगठा दिला.

१७ नोव्हेंबर, रविवार



फिजाचा मेसेज दुपारी आला. सकाळी ओहोटीला दोघं खडकावर गेली. मासे लागत होते, खडक कोरडा ठणठणीत. नऊला मागे बघतात तर वाट गायब! खडक आणि किनाऱ्यामधली चर भरलेली, पाणी गरगरतंय. तिला पोहता येत नाही. वर कातळावर एक माणूस बसला होता, तो ओरडत खाली आला, कमरेला दोर बांधून चरीत उतरला आणि एकेकाला ओढून काढलं. पूर्ण वेळ शिव्या! ती लिहिते — 'नाव विचारलं तर म्हणाला, बंदरात क्रेनवर असतो. नाव कशाला? फोरमवर टाकशील, ती बाई पुसून टाकील.'

दुकानाचं शटर अर्धं ओढलं आणि पुसलेल्या पोस्टींतून बाबल्याचं लिखाण शोधून काढलं. शिवीच्या पुढच्या ओळी आज पहिल्यांदा वाचल्या —

'भरती अर्धी झाली का मागची चर भरते. पुढं खडक सुकाच दिसतो, मानसाला कळत नाय. माझा चुलता तिथंच गेला. तो लेख काढा, लोकं जातील तिकडं. हात जोडतो.'

हात जोडतो! आणि मी शिवीपाशीच थांबले होते.

दैवानेच तो आज तिथे होता. नसता तर?

१८ नोव्हेंबर, सोमवार

बाबल्याला परत घेतलं. त्याचं लिखाण जसंच्या तसं सगळ्यात वर लावलं, फक्त तो एक शब्द काढून. खाली माझ्या नावाने माफी. यापुढे शिवी असली तर शिवी काढायची, बाकीचं शेवटपर्यंत वाचायचं. आणि सरांना त्या 'आकलनशक्ती'साठी पहिली ताकीद.

सरांचा फोन आला. वाटलं, आता ऐकवतील. तर आवाज रडवेला. "मॅडम, मी तिथे तीनदाच गेलोय, तिन्ही वेळा उतरत्या पाण्यात. मला खरंच माहीत नव्हतं हो." लेख त्यांनी आधीच काढला होता. त्यांचीही कीव आली.

बाबल्याने मात्र काहीच वाचलेलं दिसत नाही.

२१ नोव्हेंबर, गुरुवार

सकाळीच जयगडला गेले. माफी तोंडावर मागायची म्हणून. बाबल्या घरी नव्हता. त्याची बायको काशी दारात तांदूळ पाखडत होती.

"ते घरात कुठं? खडकावर. सतरा दिस झाले ताई, रोज ओहोटीला जाऊन बसतात. दिवसाची पाळी सोडून रात्रीची घेतली त्यापायी. मी म्हटलं, तुमी काय राखणदार हाव त्या खडकाचे? तर म्हणतात, लिवलेलं पुसलं गो. आता जाऊन सांगायला नको?"