आबांच्या डाव्या पायाची ऊब

बारामती,
८ डिसेंबर १९९६

चि. रविंद्र यास अनेक आशीर्वाद, घरात सर्वांस सप्रेम जयभीम.

वि. वि. काल तुला आणि आबांना वालचंदनगरच्या गाडीत बसवून दिलं आणि घरी येऊन नुसती बसून राहिले. सर्जन तुमच्यामागे मला पुन्हा म्हणाले, की आबांच्या डाव्या मांडीतली मोठी रक्तवाहिनी आतून अरुंद झाली आहे. साखरेमुळे पाय बधिरही आहे. करंगळीचं काळं पडलेलं टोक काढावं लागेल. पुण्याला जाऊन रक्तवाहिनीचा फोटो काढायला हवा. उशीर केला, तर बोटावर भागणार नाही, गुडघ्याखालून पाय जाईल.

तरी इंदापूरच्या मोहनरावांच्या ॲक्युपंक्चरच्या सुयांना मी पंधरा दिवस कबूल केले. शाळेत विज्ञान शिकवते, म्हणून मिळेल ते वाचून पाहिलं. सुई टोचली की भोवतालची कातडी लाल होते, तिथल्या बारीक वाहिन्या थोडा वेळ रुंदावतात आणि रक्त जास्त येतं. एवढं खरं दिसतं. पण वरती मांडीतच वाट अडली असेल, तर खाली रक्त येणार कुठून? याचं उत्तर मला सापडलं नाही. असं असून हो म्हणाले. विचार करून म्हणाले की आबांचा चेहरा बघवेना म्हणून, हे वहीत दोनदा लिहिलं आणि दोनदा खोडलं.

तू एक कर. रोज कामावरून आलास की त्यांच्या दोन्ही पायांना हात लाव आणि गार, कोमट की गरम ते लिहून ठेव. बावीस तारखेपर्यंत डावा पाय गारच राहिला, तर पुणं. मग कुणाची रडारड ऐकायची नाही, आबांचीसुद्धा.

आईला सांग, चहात साखर कोण चोरून टाकतं ते मला बारामतीतूनही दिसतं. लोभ असू दे, माझा राग आला तरी.

तुझी,
करुणा

वालचंदनगर,
१४ डिसेंबर १९९६

ती. आक्कास सप्रेम जयभीम. वि. वि.

तुझं पत्र नेहमीसारखं जेवणाआधी तुझ्या भाचीने, तेजश्रीने, सगळ्यांसमोर मोठ्याने वाचलं. साखरेच्या वाक्याला आई लाजली. आबा मात्र हसले नाहीत. त्यांनी तेजश्रीला बावीस तारीख कोणत्या वारी येते ते विचारलं आणि जेवायला बसले.

आता बातमी ऐक. पहिले तीन दिवस डावा पाय गार. चौथ्या दिवशी कोमट. काल आणि आज चक्क गरम! बेअरिंग तापलंय का ते आम्ही फिटर लोक हाताच्या पाठीने बघतो, थर्मामीटर लागत नाही. तसंच बघितलं. तळहाताला आमच्या घट्टे पडलेत, तो फसवतो, पाठ फसवत नाही.

मोहनराव सरळ माणूस वाटला. म्हणाले, दुखणं कमी करीन, कातडीला रंग आणीन, पण मांडीतली बंद वाट सुईने उघडेल असं छातीवर हात ठेवून सांगणार नाही. साखरेच्या गोळ्याही सोडू नका म्हणाले. आबांना मात्र भारी हुरूप आलाय. मला म्हणतात, बघ, तुझी आक्का लई शिकली, पर सुई तिच्या पुस्तकात बसंना.

तर मास्तरीणबाई, यावेळी आबांनी तुला नापास केलं. भाचरांना पापा. आठवण ठेव आणि ओरडणं कमी कर.

तुझा,
रविंद्र

बारामती,
१८ डिसेंबर १९९६

चि. रविंद्र यास आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र मोठ्याने वाचू नये. तुझ्या हातातच राहू दे.

तुझं पत्र आलं तेव्हा मला रडू आलं, आनंदाने. आबांपुढे खोटी ठरायला मी एका पायावर तयार आहे. पण रात्री ते पुन्हा वाचलं. उजव्या पायाबद्दल तू एक अक्षर लिहिलेलं नाहीस. डावा जर चांगल्या पायापेक्षाही गरम लागत असेल, तर ते रक्त नव्हे, रवी. बरा झालेला पाय दुसऱ्याइतका होईल, त्याच्यापेक्षा जास्त कसा होईल?

कदाचित मी शंकेखोर आहे. कदाचित सुया हरल्या तर माझं शिक्षण जिंकतं, असं काही माझ्या मनात असेल. ते तपासून पाहिलं, पण खात्री देता येत नाही. म्हणून तूच बघ. न सांगता, भलत्या वेळी घरी जा आणि दोन्ही पायांना हात लाव. करंगळीचा काळेपणा कुठवर आलाय तेही बघ.

मी चुकले असेन तर मला हवं ते बोल, पण उशीर करू नकोस.

करुणा

वालचंदनगर,
२० डिसेंबर १९९६

आक्कास जयभीम.

आज दुपारी साडेतीनलाच सुटी टाकून घरी गेलो. आई दारात तांदूळ निवडत बसली होती. मला बघून सूप तसंच टाकून आत पळाली, मी मागोमाग. मोरीत बंब पेटलेला, आबा पाटावर, आणि डावा पाय बंबाला टेकवलेला. टाचेला रुपयाएवढा फोड. त्यांना पत्ताच नाही, बधिर पाय! करंगळीचा काळेपणा शेजारच्या बोटावर गेलाय. उजवा पाय कोमट होता. डावा नुसता भाजलेला.

मी ओरडलो. आई म्हणाली, तुमीच लिवलं व्हतं ना, गार राहिला तर पुणं. रोज मी चारला यायच्या आधी अर्धा तास ती बंब पेटवायची.

मोहनरावांकडे नेलं. त्यांनी फोड बघून सुयांची डबी बंदच केली. म्हणाले, या पायाला आता मी हात लावणार नाही, आजच निघा.

रागावू नकोस, पण अट तू घातलीस. आणि ती सगळ्यांसमोर वाचू द्यायची अक्कल मी चालवली. जीपने पुण्याला निघतोय, हे पत्र शेजाऱ्यांकडे टाकायला देतोय. तू थेट तिथेच ये.

रविंद्र

पुणे,
२ जानेवारी १९९७

चि. रविंद्रला गंगाराम आबाचा जयभीम.

मी सांगतोय, करुणा लिवतीय. एक अक्षर बदलायचं न्हाय असं तिला बजावलंय. तू शिफ्टला परत गेलास ते बरं केलंस, हितं दोघं मिळून रडत बसला असता.

गेल्या आठवड्यातल्या आपरेशनात तीन बोटं गेली. पाय राहिला. मांडीतली वाट डॉक्टरांनी दुसऱ्या शिरंचा तुकडा लावून वळवली. म्हणाले, आधी आला असता तर एकच बोट गेलं असतं. ही पोरगी तवापासनं वहीत काय काय लिवतीया आणि तोंड धुवून येतीया. तू बी जाताना तसाच तोंड पाडून गेलास. आरं, बोटं माझी, बंब मी पेटवायला लावला, चूक बी माझीच. तुमी बहीणभाऊ ती आपसात वाटून घेऊ नका. मला एकट्याला पुरंल एवढीच हाय.

सुयांनी मला झोप लागायची, ते खोटं न्हाय. मोहनरावाला सांग, आबा तुमच्यावर नाराज न्हाय.

आता एक ऐका. मला कापायचं भ्या नव्हतं. मला तुमी दोघांनी हाताला धरून संडासला न्यायचं, त्याचं भ्या व्हतं. ते कुणी इचारलंच न्हाय. माझा पाय, आणि ठराव तुमच्या पत्रात. मी आपलं बसून ऐकायचं, जणू शेजारच्या आळीतल्या म्हाताऱ्याची बातमी. पुन्यांदा काय कापायचं निघालं, तर आधी मला इचारा. मी न्हाय म्हणीन, मग भांडा माझ्याशी, तोंडावर. भांडून व्हय म्हणीन. पर इचारा.

तेजश्रीला आशीर्वाद. तुझ्या आईला सांग, म्हातारा भिंतीला धरून आज चार पावलं चालला, कुणाचा हात न घेता.

गंगाराम